पप्पांची सही

...आणि वर लोक मलाच विचारतात, बर्नाडेट, हे सगळं आधीच का नाही करून ठेवलंस? अहो, आधी म्हणजे किती आधी? तुम्हाला सांगते, टोलेडोच्या शाळेत बावीस वर्षं मी पोरांना जेवण वाढते, आमच्या युनियनची वकिलाची योजना आहे, आणि तीन वर्षांपूर्वी कळलं की आता सभासदांच्या आईवडिलांनाही त्यात घेता येईल, महिन्याला एका पिझ्झ्याच्या भावात, तर मी त्याच दिवशी पप्पांचं नाव घातलं. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, दोन सह्या. कागद साधा होता हो...

पण पप्पा! काचेच्या कारखान्यात चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, तो काय मला ऐकतोय? "मी मरतोय का? मग वकील कशाला? घर हवंय तुला, सरळ सांग की." म्हटलं, पप्पा, मला नको तुमचं घर, त्याच्या तळघरात पाणी भरतं. तर म्हणे, "बघ, आत्तापासूनच नावं ठेवतेस."

मग काय, ईस्टर होऊ दे, मग नदीत मासे आलेत, गळ टाकायचे दिवस आहेत, ते जाऊ देत, मग गुडघ्याचं ऑपरेशन... आणि मीही, खोटं कशाला बोलू, मीही दमले, म्हटलं राहू दे पुढच्या महिन्यात. कागद साधा होता, कुठे पळून जाणार होता?

कागद नाही पळाला. पप्पाच निघाले, हळूहळू. आधी शेगडी चालू राहायला लागली, मग सहा वर्षांपूर्वी गेलेल्या आईची जेवायला वाट बघायला लागले, आणि एका सकाळी आपणहून म्हणाले, "बोलाव त्या वकिलाला." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, कामावरून रजा काढली.

योजनेतल्या वकील ओडमबाई आल्या, शांत, चष्मा नाकावर. "तुम्ही जरा बाहेर थांबा, मला त्यांच्याशी एकट्यांशी बोलावं लागतं." थांबले. दार पातळ, सगळं ऐकू येत होतं.

"घर कुणाला द्यायचंय?"

"त्या सूपवालीला."

"कुणाला?"

"ती बाहेर उभी आहे ना, तिला. रोज सूप आणते, पाय चोळून देते. भली बाई आहे."

"आणि तुमची मुलगी?"

"बर्नी? ती कुठली येतेय. तिला वेळच नसतो."

रोज येत होते हो मी. रोज.

ओडमबाई कागद मिटूनच बाहेर आल्या. "ही सही मला घेता येणार नाही. आपण काय करतोय हे त्यांना कळायला हवं." मी म्हटलं, अहो, पण घर मलाच देताहेत की. त्या हळूच म्हणाल्या, "हो, पण तुम्हाला नाही देत."

मग कोर्ट. दोन सह्यांच्या जागी डॉक्टरांचे दाखले, तारखा, चार महिने, आणि न्यायाधीशांनी पप्पांना मोठ्यानं समजावून सांगितलं, की यापुढे तुमचा सगळा कारभार तुमची मुलगी बघेल. पप्पांनी मान हलवली. बाहेर आल्यावर माझा हात धरला, इकडेतिकडे बघितलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "आता माझी मुलगी येणार. तू जपून राहा हं, काढून टाकेल तुला."

म्हटलं, नाही काढणार. तिला तरी दुसरं कोण मिळणार आहे...