ऋताची निळी ट्यूब

हॅलो? ... हां, बोल रुचिरा. हातात ग्लोव्हज आहेत, स्पीकरवर टाकलंय... बोल, बोल.

मालन मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं लोकांचं रक्त काढत आली होती. भावजयीचा फोन आला म्हणून हातातलं काम सोडणाऱ्यातली ती नव्हे.

अरे वा! निघाली अक्षताची दाढ? ... आणि रक्त? ... दहा मिनिटांत थांबलं? झकास! मी म्हटलं नव्हतं? ... हो, हो, दातांना तारा लावायच्या तर जागा करावीच लागते... आणि ऋता? ... डेंटिस्टच्या खुर्चीत बसली पण? ... बरं, तिचा रक्त गोठवणारा फॅक्टर किती आला होता?

... अगं, तिचा रिपोर्ट. अक्षताचा नाही, ऋताचा.

... एकीचाच केला?

मालनने ग्लोव्हज ओढून फेकले आणि फोन कानाला लावला. तिच्या धाकट्या भावाला, रुचिराच्या नवऱ्याला, राजेशला हिमोफिलिया, रक्त न गोठण्याचा आजार. जरा ठेच लागली की आत रक्त साकळून गुडघा टम्म फुगायचा. बापाचं ते जनुक अक्षता-ऋता दोन्ही जुळ्या पोरींत उतरलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणून तर दात काढायच्या आधी रक्त तपासायचं ठरलं होतं. आणि या बाईने तेरा वर्षं जे केलं तेच परत केलं. एकीचं माप घेऊन दोघींचे फ्रॉक शिवले!

रुचिरा, ऊठ. दार उघड आणि डॉक्टरांना सांग, थांबा... बधिर करायचं इंजेक्शन दिलं? ... नाही ना? मग जा! फोन चालू ठेव... लाज कसली? जा गं!

... थांबले? नक्की? ... हां. बस आता. पाणी पी.

... जुळ्या आहेत, माहितीये मला. मीच न्हाऊ घातलंय दोघींना... अगं ऐक ना! जनुकं सेम, कबूल. पण हे जनुक एक्स गुणसूत्रावर बसतं, आणि मुलीच्या प्रत्येक पेशीत असे एक्स दोन. एक तुझा धड, एक राजेशचा बिघडलेला. पेशी त्यातला एकच चालू ठेवते, दुसरा बंद... कुठला? त्याला नियम नाही. डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तसं. तुझ्या पोटात मोहरीएवढ्या होत्या ना, तेव्हाच झालंय ते... हो, आणि मग त्या पेशीच्या लेकी-नाती तेच धरून बसतात.

... तुमच्या सोसायटीतली ती मांजर बघ. कुठे काळा ठिपका, कुठे भगवा... हां, तीच. तीही अशीच चिठ्ठ्या टाकून रंगलीये.

... तेच तर सांगतेय! अक्षतात तुझे जास्त चालू राहिले, रक्त गोठलं. ऋतात? मला नाही ठाऊक. तुलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. तिचं रक्त ट्यूबमध्ये घेऊन तपासल्याशिवाय कोणालाच नाही.

... वेडी आहेस का? रडतेस काय? काही झालेलं नाही अजून. दे, ऋताला दे.

ऋता, आत्या बोलतेय. घाबरलीस? ... शाब्बास. मला सांग, तुझा शेवटचा दुधाचा दात पडला तेव्हा रक्त लगेच थांबलं ना?

... नाही?

... किती दिवस? ... तीन? ... आणि उशी? ... अभ्रा तूच धुतलास? बाथरूममध्ये, लपून? ... का गं सांगितलं नाहीस, बाळा? ... अक्षताचं थांबलं म्हणून? म्हणजे तुझंही थांबायलाच हवं, असं तूच ठरवलंस?

मालनने खणातून निळ्या टोपणाची एक रिकामी ट्यूब काढली, रक्त गोठण्याच्या तपासणीची.

... आहे, आहे मी. ऐक. दात गेला खड्ड्यात, तारा पुढच्या महिन्यात लावू. आईबरोबर रिक्षात बस आणि सरळ माझ्याकडे ये. फॅक्टर कमी निघाला तरी औषध असतं, ते देऊन मग दात काढतात. बाबांचं नाही का करत? ... हो, सुई मीच टोचणार. दुखणार नाही, माझा हात आहे... अक्षतापण येते म्हणते? येऊ दे. पण ती बाहेर बाकावर बसेल.

... ट्यूबवर? तुझं नाव गं. एकटीचं... अगं, हसतेस काय? चल, ठेवते... लिहायला घेते.