महिनाभराचं खोकं

(पंचवटीतलं मेडिकल. काउंटरवर मोठ्या माणसांच्या डायपरचं खोकं.)

ललित : पण ताई, फोडलेलं खोकं कंपनी परत घेत नाही.

स्नेहल : एकच पाकीट काढलंय, ललितभाऊ. बाकी सात तशीच आहेत.

ललित : सोमवारी तर नेलंत! साइझ चुकली का?

स्नेहल : अण्णा गेले. शनिवारी.

ललित : अरेरे! तुमचे सासरे? मला कळलंच नाही हो.

अन्सार : (आत येत) ललितशेठ, मोठ्यांचं डायपर. लार्ज. एकच पाकीट.

ललित : या अन्सारभाई. अहो, महिना झाला, वहिनींसाठी सुटं नेताय. खोकं घ्या म्हणतो, किती स्वस्त पडतं!

अन्सार : खोकं काय करू? रेहाना उठेल आठ-दहा दिवसांत. काल बोट हललं तिचं. लकवा उतरतोय, इन्शाल्ला.

स्नेहल : भाऊ, ही सात पाकिटं न्या तुम्ही. पैसे नकोत.

अन्सार : नाही ताई, फुकट नको. आणि एवढी लागणारच नाहीत.

स्नेहल : मीही चार महिने हेच म्हणत होते. एकेक पाकीट आणायचं, दर वेळी वाटायचं, हे शेवटचं. मग म्हटलं, किती पैसे घालवायचे असे? खोकं आणलं. अण्णांच्या पलंगासमोरच ठेवलं. त्यांनी विचारलं, "सूनबाई, हे किती दिवसांचं गं?" मी आपली खुशीत. म्हटलं, "आता महिनाभर बघायला नको, अण्णा. स्वस्तात मिळालं."

ललित : मग?

स्नेहल : भिंतीकडे तोंड फिरवलं त्यांनी. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चमचा लावला, तर दात घट्ट मिटलेले. पाण्यालासुद्धा.

ललित : त्यात तुमचा काय दोष, ताई? वय झालं होतं त्यांचं.

स्नेहल : घरचेही हेच म्हणतात. पण विचारताना त्यांचा चेहरा मी एकटीनं पाहिलाय. पैसे परत देऊ नका हवं तर. फक्त घरी न्यायला सांगू नका मला.

अन्सार : ...डॉक्टरसाहेब वर्ष म्हणालेत.

ललित : काय?

अन्सार : वर्ष तरी अंथरुणावर काढावं लागेल, म्हणाले. त्याच्या पुढचंही सांगता येत नाही. घरात कुणाला बोललो नाही मी.

ललित : मग घ्या ना, भाई. ताई मनापासून देताहेत.

अन्सार : घेतो. पण अर्धे पैसे घ्यावे लागतील, ताई.

स्नेहल : बरं. द्या.

अन्सार : ललितशेठ, खोकं मात्र इथंच राहू द्या. मी एकेक नेत जाईन. काळ्या पिशवीत घालून द्या. रेहाना दाराकडंच बघत पडलेली असते.