चुकलेली भोकं

नाही नाही, तो मधला खिळा नको काढूस – तो काढलास तर अख्खा दांडा पलीकडच्या घरात जाऊन आदळेल, आणि मग तिथून जे ऐकू येईल ते तूच ऐकून घे, मिस्त्री, मी नाही घेणार. आधी दट्ट्या वर ओढ. हां, अस्सा. सावकाश. ह्या पंपाला घाई चालत नाही, घाई केली की रुसतो. मी बसते इथे पायरीवर, तुझं चालू दे. मी काही मधेमधे करणार नाही. मला काय त्यातलं कळतंय? मुलगा सांगून गेलाय ना तुला सगळं – पंप काढायचा, विहिरीत मोटार सोडायची, आणि भिंतीतलं हे भोक विटा लावून बुजवून टाकायचं, संध्याकाळच्या आत. बुजव की. माझं काही म्हणणं नाही. मीच तर तक्रार केली होती, पंप जड झालाय म्हणून. खोटं कशाला बोलू? रोज केली. जेवताना केली, झोपताना केली. शेवटी सून म्हणाली, अहो, एकदाची ती मोटार आणा, नाहीतर आईंच्या खांद्याचं ऐकता ऐकता आपले कान दुखायला लागतील.

काय? दांडा भिंतीतून आरपार का गेलाय? अरे, तीच तर सगळी कथा आहे. असा पंप दुसरीकडे कुठे बघितला नसशील तू. बघितलायस? नाही ना? मग. घर होतं एकच. हे आणि आमचे भाऊजी, दोघे भाऊ. दोघांचं जमायचं, भांडण नव्हतंच कसलं, पण पोरंबाळं वाढली, स्वयंपाकघर पुरेना, तेव्हा म्हणाले मधे भिंत घालू. घातली. तर विहीर आली नेमकी भिंतीखाली! आता खोल्या वाटता येतात, भांडी वाटता येतात, विहीर कशी वाटणार? गवंडी म्हणाला, भिंत वाकडी घ्या, विहीर कुणातरी एकाला द्या. हे म्हणाले, वाकडी भिंत रोज डोळ्यांसमोर कशाला? हे कारखान्यात लेथवर होते ना, त्यांना वाकडं काही चालायचं नाही. त्यांनी काय केलं, विहिरीवर कमान टाकून भिंत सरळ नेली आणि भिंतीला हे एवढं भोक ठेवलं. त्यातून हा लोखंडी दांडा. मधे खिळा. बागेत पोरं फळीच्या दोन टोकांना बसतात, एक खाली गेलं की दुसरं वर – तसंच अगदी. ह्या टोकाला माझी मूठ, त्या टोकाला तिची. तिची म्हणजे धाकटीची, माझ्या जावेची. माझ्या अंगाला एक नळकांडं, एक दट्ट्या, एक तोटी. तिच्या अंगाला तेच सगळं.

आता गंमत बघ. मी मूठ खाली दाबली की माझा दट्ट्या जातो खाली. खाली जाताना पाणी देतो का तो? नाही देत. पाणी द्यायचं वर येताना. मग वर कोण आला? तिचा! म्हणजे घाम गाळायचा मी आणि बादली भरायची तिची. तिनं दाबलं की माझी. हसतोस काय? आम्ही पण हसलो होतो. पहिल्या दिवशी इतक्या हसलो दोघी, की भिंतीच्या दोन बाजूंना दोघी खाली बसलो. मी ह्यांना म्हटलं, अहो, उलटं झालंय हे, बदला. तर म्हणाले, उलटं नाही, असंच हवंय. वर ओढून स्वतःचं पाणी काढता येतं, पण मूठ वर ओढताना पाठ मोडते माणसाची. दाबताना अंगाचा भार कामाला येतो. दोघी आळीपाळीनं दाबा, दोघींना हलकं जाईल. एवढं बोलले आणि गेले कामावर. बोलणं असं मोजूनमापून. मी त्यांच्या वाटचं पण बोलून टाकायचे.

ए, ती चामड्याची वाटी जपून हं, दट्ट्याची. दगडावर ठेवू नकोस, फडक्यावर ठेव. तिच्यावरच तर सगळा जीव पंपाचा. ती नळकांड्याला घट्ट बसली तर पाणी वर, नाहीतर नुसतीच खडखड.

मग काय, बरीच वर्षं छान चाललं. आणि मग एकदा ना – मी एकटीच पंपावर, कपडे भिजवायचे होते. पाठ मोडेपर्यंत वर ओढतेय, खाली दाबतेय, वर ओढतेय, खाली दाबतेय. आणि पलीकडून आवाज येतोय, बादलीत पाणी पडल्याचा. भोकातून बघते तर बाईसाहेबांनी तोटीखाली बादली लावलीय, शेजारी दुसरी तयार ठेवलीय, आणि स्वतः शेंगा सोलत बसलीय! मी म्हटलं, अगं, माझ्या घामाचं फुकट पाणी भरतेस, दोन हात लावायला काय झालं? तर म्हणते कशी – तरीच म्हटलं जाऊबाई, पाणी आज खारट का लागतंय!

आता तूच सांग. हे काय बोलणं झालं? बरं, नुसतं बोलून थांबली असती तर मी सोडून दिलं असतं. तिनं ती भरलेली बादली उचलली आणि माझ्या डोळ्यांदेखत केळीला ओतली. मग मी पण हट्टाची. त्या दिवसापासून अबोला. भाऊजींनी समजावलं, पोरांनी समजावलं. ह्यांनी नाही समजावलं. हे म्हणाले, पाणी लागेलच की दोघींना.

आणि लागायचंच ना! रोज लागायचं. बोलायचं नाही, पण पंप तर एकटीनं ओढवत नाही. मग आपोआपच एक पडून गेलं – मी तांब्या दांड्यावर वाजवायचा, टण टण, की ती पलीकडून वाजवायची, टण. की झालं सुरू. माझं दाबणं, तिचं दाबणं. सकाळी एकदा, ऊन उतरलं की एकदा. तोंड म्हणून बघायचं नाही. आणि तुला सांगते, बघायची गरजच नाही रे! त्या दांड्यातून सगळं कळतं. खूश असली की भराभर दाबते, अर्धवट, जशी काही पंपाला गुदगुल्या करतेय. रागात असली की असा हिसका देते की माझी मूठ हनुवटीला लागते. तिच्या लेकीचं लग्न ठरलं ना, तेव्हा कुणी सांगायच्या आधी मला कळलं होतं. हात नाचत होता तिचा. सुनेला मी म्हटलं, पलीकडे काहीतरी गोड झालंय. आणि हे गेले तेव्हा – राहू दे ते. नाही, सांगते. हे गेले तेव्हा मी चार दिवस अंगणात आले नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी आवाज आला पाण्याचा. उठून बघते तर माझी मूठ आपली आपण वरखाली होतेय. कुणी धरलेली नाही, काही नाही, आपली आपण. आणि माझ्या तोटीखालची बादली भरून वाहतेय. तरी थांबेना. अंगणभर पाणी. मी जाऊन मूठ धरली, तेव्हा थांबली.

चिवटच आहे धाकटी. असो, काढून टाक हा पंप. मी कुठे नको म्हणतेय?

म्हणजे? पंपाला काही झालेलं नाही कसं? नीट बघ की जरा! वाटी चांगली आहे? खालची झडप? ती पण? गंज? अरे मग जड का जातोय इतका? मी काय खोटं सांगते होय? तू बाहेरचा माणूस आहेस म्हणून सांगते, घरात बोलायचं नाहीस. पंप नाही थकलेला. ती थकलीय. धाकटी. पलीकडून दाबतच नाही आताशा. नुसता हात ठेवते मुठीवर, केळीच्या पानासारखा. दाबते पण मीच आणि वर ओढते पण मीच. पाणी मात्र दोन्हीकडे पडायला पाहिजे ना, म्हणून ओढत राहते. नाही ओढलं तर तिला वाटेल मला कळलं. ताठ फार आहे ती, तिला नाही सोसायचं. मग घरात काय सांगणार? म्हटलं पंप जड झालाय. म्हटलं मिस्त्री येईल, चार थेंब तेल घालेल, जाईल. मला काय माहीत मुलगा-सून थेट मोटारच आणतील, आणि भोक पण बुजवतील? भोक बुजलं की मग मला कसं कळणार, ती उठली की नाही उठली ते? मी भिंतीला कान लावून बसू?

काय म्हणालास?

थांब. पुन्हा सांग. तू सकाळी आधी पलीकडे गेला होतास, तिकडचा दट्ट्या बघायला – बरं – आणि ती तुला म्हणाली, माझ्या जाऊबाई थकल्यात? मी? मी नुसता हात ठेवते? असं म्हणाली? पंप सगळा तीच ओढते असं म्हणाली ती?

अगं बाई!

नाही रे, रागावत नाहीये. हसतेय. थांब, खोकला आला. म्हणजे मी समजत होते ती म्हातारी झाली, आणि ती समजत होती मी म्हातारी झाले, आणि दोघी आपल्या एकमेकींना सांभाळून घेतोय! आणि पंप बिचारा मधल्या मधे बदनाम. हे बघ हात माझा. ह्या हातात काही जोर राहिलाय का? मला मेलीला कळलंच नाही. तिची मूठ बरोबर कळते, स्वतःची नाही कळली.

ती? ती काही नाही, ती चुकलेली भोकं आहेत. ह्यांच्या हातून एवढी एकच चूक झाली आयुष्यात. हे बघ, ह्या टोकाच्या भोकात पीन आहे, तिला दट्ट्याची सळई लटकते. आणि ही आतल्या अंगाला दोन, खिळ्याच्या बाजूला, ती उगीचच पडलीत. नेम चुकला असेल. आम्ही दोघींनी किती छळलं होतं त्यांना! धाकटी म्हणायची, भाऊजी, दांडा आहे की बासरी? आणि हे म्हणायचे, असू देत, लागतील. कशाला लागतील ते काही सांगितलं नाही. आम्ही पण हसण्यापुढे विचारलं नाही.

काय? सळई आतल्या भोकात घेतली की काय होतं?

हलका होतो? किती हलका? पाणी कमी येईल म्हणतोस एका दाबाला. येऊ दे की कमी! आता कुणाला हंडेच्या हंडे भरायचेत? दोन म्हाताऱ्यांना तोंड धुवायला आणि केळीला पुरलं की झालं. आणि अगदी आतल्या भोकात घेतली तर आणखी हलका? म्हणजे ते पुढच्यासाठी. आणखी पुढच्यासाठी. आणि तिच्या बाजूला? तिच्या बाजूला पण आहेत भोकं? तेवढीच? तेवढ्याच अंतरावर? तू बघितलीस?

लागतील म्हणाले होते.

नाही, काही नाही, डोळ्यात काहीतरी गेलं. गंजाचा कण असेल. गंज नाहीये काय? मग नसेल. तू तुझं काम कर. मोटार ना, मोटार सोड खुशाल, तिचा पाइप त्या कडेनं वर घे, न्हाणीघराला पाणी मिळेल, मुलगा खूश, सून खूश. पण हा दांडा राहणार. आणि विटा घेऊन जा आपल्या. मुलानं विचारलं तर सांग, आईनं पायरीवर बसून मला काम करू दिलं नाही. ते त्याला लगेच पटेल.

चल, घे पीन काढून. आता काय? तिच्या बाजूनं कुणीतरी मूठ धरायला पाहिजे, नाहीतर दांडा उसळेल? मग सांग ना तिला. तू सांग. तुझे दोन्ही हात अडकलेत ते दिसतंय मला, तोंड तर मोकळं आहे! मी? मी नाही सांगणार. इतक्या वर्षांनी मी आपणहून काय म्हणून – बरं बरं, निसटतंय ते, कळलं. कळलं रे! तांब्या कुठे गेला माझा? राहू दे. तांब्यानं ‘धर’ कसं सांगणार?

अगं ए! धाकटे! ऐकतेस का? मूठ धरतेस का जरा तिकडची?

ऐकलंस, मिस्त्री? काय म्हणाली ऐकलंस? ‘मघापासून धरूनच बसलेय’ म्हणते. मघापासून म्हणजे? अगं, मघापासून म्हणजे कधीपासून? केळीच्या आधीपासून? सगळं ऐकलंस? केळीच्या पानाचं पण?

मिस्त्री, ती पीन ठोक आणि दुसरी त्या बाजूनं ठोकून ये, आणि मग तुझी पिशवी उचल आणि बाहेर जाऊन सुनेकडून चहा घे. सावकाश पी. घाई नको. जा ना रे बाबा, ती काहीतरी बोलतेय, तुझ्या हातोडीत ऐकू येत नाही मला.