पेत्राचं वाचन

"'घाबरलास तरी चालेल, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे.' पाळकसाहेब दर वर्षी मला हेच सांगायचे, आत्या."

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला सकाळी, खराडीच्या बसच्या रांगेत, माझ्या मागे हे बोलणं चाललं होतं.

"मग चल की चर्चला. पेत्राचं वाचन तुझंच असतं, शांतवन."

"यंदा नको. येशूला नाकारताना पेत्र म्हणतो ते 'मी त्या माणसाला ओळखत नाही,' हे पाळकसाहेबांसमोर कसं म्हणू?"

"इतकी वर्षं म्हणालासच ना?"

"गेल्या महिन्यात खरंच म्हणालो. वाचनाचा कागद द्यायला ते ऑफिसच्या गेटवर आले होते. विटका कोट, हातात कापडी पिशवी. सिक्युरिटीचा फोन आला तेव्हा शेजारी आमचे साहेब उभे होते. लाज वाटली मला. म्हणालो, 'ओळखत नाही, परत पाठवा त्यांना.'"

"त्यांनी ऐकलं?"

"गेटवरचा फोन स्पीकरवर होता."

"ज्यांनी तुला वसतिगृहात पोरासारखं सांभाळलं, त्यांना? आणि आज सुट्टी असून ऑफिसला निघालास. तिथला कॉम्प्युटर तरी ओळखतो ना तुला?"

"दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं वाचन."

"सांगून पाहिलं मी. म्हणाले, 'नाताळात शब्द दिलाय त्यानं. तो येईल.'"

"रागावले नाहीत?"

"नाही रे."

"रागावले असते तर बरं झालं असतं."

खराडीची बस आली. रांग पुढे सरकली.

"आत्या, वाचन किती वाजता?"

"बाराला."

तो रांगेतून बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून चर्चच्या दिशेने चालू लागला.