हुलग्याचं माहेरचं नाव

(सन २००१. आळेफाट्याजवळच्या एका कॉलेजचं ग्रंथालय, शनिवारची दुपार. एकुलत्या एका कॉम्प्युटरपुढं तिघं बसलेत : ग्रंथपाल गोरख सर, पुण्यात एम.एस्सी. करणारी कल्याणी आणि तिची आई पारूबाई.)

कल्याणी : बघा सर, परत तेच. शून्य! पुण्यात तीन दिवस शून्य, आणि इथं पण शून्य.

पारूबाई : शून्य म्हंजी नापास का गं?

कल्याणी : आई, तू गप बस ना जरा.

गोरख सर : बोलू दे त्यांना. नापास नाही हो पारूबाई. शेतीवर जगात कुणी काय अभ्यास केला, त्याची यादी या सीडीत आहे. कल्याणी तिला विचारतेय आणि ती म्हणतेय, मला ठाऊक नाही.

पारूबाई : मग नसंल ठाऊक तिला.

गोरख सर : थांबा, आधी विचारलंय काय ते बघू. वाच गं मोठ्यानं.

कल्याणी : 'व्हाय ब्लॅक हुलगा सीड इज नॉट अटॅक्ड बाय इन्सेक्ट्स इन जुन्नर तालुका.'

गोरख सर : अगं, तू मामाला पत्र लिहितेयस का? याला वाक्य कळत नाही. शब्द कळतात, तेही याच्याकडं असतील तेवढेच.

कल्याणी : सर, सोमवारी पुण्याला आमच्या गाईड मॅडमना यादी दाखवायचीय. यावर आधी कुणी काम केलंय त्याची. नाही दाखवली तर विषय गेला. त्या मला त्यांच्या भाताच्या प्रोजेक्टवर घालणार. एम.एस्सी.चं अख्खं दुसरं वर्ष भातात जाईल माझं.

पारूबाई : परवापास्नं धड जेवली न्हाई ही. म्हनून मीच म्हनलं, चल तुज्या जुन्या कॉलेजात. आमच्या पिंपळवंडीपास्नं हितं कितीसं हाय? तुमी तर हिला अकरावीपास्नं वळखताय.

गोरख सर : बरं झालं आणलंत. कल्याणी, कागद घे. तुझ्या प्रश्नात मुख्य गोष्टी किती?

कल्याणी : हुलगा. भुंगा. साठवण. आणि जुन्नर.

गोरख सर : जुन्नर खोड.

कल्याणी : जुन्नर कसं खोडू सर? तेच तर माझं...

गोरख सर : कर्नाटकातल्या माणसानं हुलग्यावर लिहिलं असेल, ते नको तुला? हां, खोड. आता हुलग्याला आणखी काय काय म्हणतात ते लिही.

कल्याणी : हॉर्स ग्रॅम.

गोरख सर : सुटं लिही आणि जोडूनही लिही. माणसं दोन्ही लिहितात. अजून?

पारूबाई : कुळीथ म्हना की. माज्या जावंचं माहेर कोकणात, ती आजून बी कुळीथच म्हनती.

गोरख सर : घ्या! लिही कुळीथ. आणि शास्त्रीय नाव?

कल्याणी : मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम.

गोरख सर : सगळ्यांच्या मध्ये 'ऑर' टाक. म्हणजे यातलं कुठलंही चालेल. मग 'अँड' टाकून 'स्टोरेज'. म्हणजे ते पाहिजेच. दाब आता.

कल्याणी : नऊ! सर, नऊ आले!

पारूबाई : नऊ बास झालं की.

गोरख सर : सालं बघ बरं त्यांची.

कल्याणी : पंच्याऐंशी... एक्क्याण्णव... अठ्ठ्याण्णव. सगळे अलीकडचेच.

गोरख सर : त्याच्या आधी हुलगा कुणी साठवतच नव्हतं का?

पारूबाई : साठवत नव्हतं कसं? माज्या आज्जीच्या कणगीत व्हता की. त्येचं नाव बदललं आसंल.

कल्याणी : आई, पिकाचं नाव कशाला बदलेल?

पारूबाई : माजं न्हाई बदललं? मी माहेरची सखू. लग्नात पारू केली मला. पयल्या दिवाळीला तुज्या आत्याचं मालक मला आनायला गेलं आन् आमच्या म्हातारीला इचारलं, पारूबाईचं माहेर ह्येच का? तर म्हातारी म्हनली, आसली कुनी न्हाई बा आमच्यात.

कल्याणी : सर... डॉलिकॉस बायफ्लोरस!

गोरख सर : काय?

कल्याणी : हुलग्याचं जुनं शास्त्रीय नाव! आमच्या लॅबमधल्या जुन्या बरणीवर तेच आहे. मला वाटायचं बरणी चुकीची ठेवलीय.

गोरख सर : टाक, टाक लवकर.

कल्याणी : एकसष्ट!

गोरख सर : आता भुंगा जोड. 'बीटल' लिही, शेवटचा ई सोडून, आणि त्याजागी चांदणीचं चिन्ह टाक. म्हणजे एक भुंगा असो की दहा, सगळे सापडतील.

कल्याणी : चौदा. एकोणीसशे सहासष्टचा पण आहे! आई, ऐक, 'राखेत ठेवलेल्या हुलग्याला भुंगा कमी लागतो.'

पारूबाई : ह्ये लिवायला कालेजात जावं लागतं व्हय? कुठली राख म्हनलाय त्यो?

कल्याणी : नुसतं राख म्हटलंय.

पारूबाई : आसं कसं? गवऱ्यांची येगळी, बाभळीची येगळी. आन् चाळून घ्यावी लागती. काळ्या हुलग्याला तर ती बी लागत न्हाई.

गोरख सर : कल्याणी, रंग टाक. 'सीड कलर', 'सीड कोट', 'ब्लॅक'. मध्ये 'ऑर'.

कल्याणी : ...शून्य.

पारूबाई : गेलं परत.

गोरख सर : गेलं नाही हो. हेच हवं होतं! कल्याणी, आजची तारीख घाल, कुठले शब्द टाकले ते लिही आणि खाली हे शून्य लिही. चौदा जणांनी आजूबाजूला काम केलंय, तुझ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही. सोमवारपर्यंत कशाला थांबतेस? हा फोन घे.

कल्याणी : आत्ता? ...हॅलो, मॅडम? कल्याणी बोलतेय. मॅडम, चौदा मिळाले. हो, जुन्या नावानं पण शोधलं... नाही, रंगावर काहीच नाही. आणि काळ्या हुलग्याला राखही लागत नाही म्हणे... कुणी सांगितलं? ते आईनं सांगितलं. माझी आई, मॅडम. शेती करते... हो. हो मॅडम. विचारते.

पारूबाई : काय म्हनल्या? भात का हुलगा?

कल्याणी : हुलगा! आई, हुलगा!

गोरख सर : हळू, ग्रंथालय आहे हे. ...जाऊ दे, ओरड. शनिवारचं कोण येतंय इथं.

कल्याणी : आणि मॅडम पुढच्या रविवारी आपल्या घरी यायचं म्हणतायत. चालेल का विचारलंय.

पारूबाई : आपल्या घरी? का गं, तू काय केलंस?

कल्याणी : मी काही नाही केलं. तुला विचारायला येतायत. कुठली राख, किती घालायची, काळा हुलगा वाळवायचा कसा. सगळं लिहून घेणार आहेत.

पारूबाई : मला इचारायला?

गोरख सर : तुम्हालाच.

पारूबाई : ...सकाळच्याला या म्हनावं त्यास्नी. दुपारची मी रानात आसते.