नवी गाय चोरीस गेली नसल्याबाबत पुरवणी जबाब

पूर्ण नाव पहिल्या जबाबात दिले आहे. ओळखीचे नाव ‘फिनेल’, हे शेजाऱ्यांनी ठेवले असून त्यास माझी हरकत नाही. वय तेवीस. शिक्षण पशुवैद्यकीय पदविका. राहणार कालव्यालगतच्या गोठ्यामागील घर. व्यवसायाच्या रकान्यात पहिल्या वेळी ‘काही नाही, घरीच असते’ असे लिहिले गेले, त्याबाबत शेवटी सांगते.

मी आज गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता वडिलांसह ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी एक गाय, एक दावे व एक प्लॅस्टिकचा टब चोरीस गेल्याची तक्रार दिली होती. ती तक्रार मी घाबरलेल्या स्थितीत दिली. त्यात एक गोष्ट चुकीची सांगितली व एक सांगायची राहिली. दोन्ही आता सांगते.

आमच्या गोठ्यात अकरा गायी आहेत. बारावी वडिलांनी त्या मंगळवारच्या सतरा दिवस आधी बाहेरगावाहून आणली. ती गाभण होती. तिला आम्ही ‘नवी’ म्हणतो. बाहेरून आलेले जनावर एकवीस दिवस वेगळे बांधायचे असा माझा नियम आहे, कारण लाळ्या-खुरकूत रोग अंगात असला तरी लगेच दिसत नाही आणि दिसेपर्यंत तो सगळ्या गोठ्यात, तिथून शेजारच्या गोठ्यांत गेलेला असतो. नवीचा झाडू वेगळा, बादली वेगळी. तिचे काम सगळ्यात शेवटी करायचे. फाटकात धुण्याच्या सोड्याचे पाणी भरलेला टब असतो. आत येणाऱ्या प्रत्येकाने त्यात पाय बुडवायचे. एखादे जनावर आजारी वाटले तर त्याच्या खांबाला लाल फडके बांधायचे, म्हणजे तिथे गेलेल्या माणसाने दुसरीकडे जायचे नाही.

वडील शाळेत गेलेले नाहीत. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. वडील माझ्या नियमांबद्दल म्हणायचे, “माझ्या लग्नात माझे पाय एवढे कुणी धुतले नव्हते.” परंतु ते पाय बुडवायचे, हे नमूद करावे.

मंगळवारी सकाळी साडेसातला मी सर्व गायींचे तापमान घेतले. सर्व ठीक होते. सव्वाआठला मी लस आणण्यासाठी बसने गुरांच्या दवाखान्यात गेले. आई मावशीकडे गेली होती. घरी फक्त वडील होते. मी एक वाजून वीस मिनिटांनी बर्फाचा डबा घेऊन परत आले, तेव्हा फाटकातला टब जागेवर नव्हता. नवीच्या शेडचे दार उघडे होते. नवी नव्हती, दावे नव्हते. मी धावत मोठ्या गोठ्यात गेले. तिथे आमची सर्वांत जुनी गाय तांबडी तोंड अर्धवट उघडे ठेवून उभी होती आणि तिच्या तोंडातून जमिनीपर्यंत लाळ गळत होती. मी वडिलांना फोन लावला. फोन घरातच कोनाड्यात वाजला.

मला असे वाटले की, रोग नवीबरोबर आला, तांबडीला लागला, आणि आता कोणीतरी नवीला बाजारात नेत आहे. वाटेत ती ज्या ज्या जनावरांजवळून जाईल त्यांची मी मनात मोजणी केली. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते साडेतीनपर्यंत येतो म्हणाले. मी हातपाय सोड्याने धुतले, डोक्यावरून पाणी घेतले, कपडे बदलले, चपलांना गोठ्याची माती असल्यामुळे त्या तिथेच ठेवल्या आणि सायकलने ठाण्यात आले.

ठाण्यात हवालदारसाहेबांनी, जे आता हा जबाब लिहीत आहेत, मला बघून विचारले, “चप्पलसुद्धा चोरली का, ताई?” मी सांगितले की, चप्पल मीच ठेवली आहे. त्यांनी चोरीच्या मालाची यादी लिहिली आणि टबापाशी पेन थांबवले. म्हणाले, “गाय नेली, समजलं. दावं नेलं, तेही समजलं. पाय धुवायचा टब चोर कशाला नेईल?” मी म्हणाले, मला माहीत नाही. ते म्हणाले, “हा चोर तुमच्याच शाळेतला दिसतो.” त्यावर मी विचार करायला हवा होता. केला नाही.

हवालदारसाहेब मला मोटारसायकलवर घेऊन आले. फाटकात टब नसल्याने मी बादलीत सोडा कालवून त्यांना बूट बुडवायला सांगितले. बूट नवीन असल्याचे त्यांनी दोनदा सांगितले. बूट बुडवले. (हे वाक्य हवालदारसाहेब घ्यायला तयार नव्हते. खरे असल्यामुळे घ्यावे अशी मी विनंती केली.)

नवीच्या शेडपासून मागच्या बांधाच्या दिशेने जमिनीवर पांढरे डाग होते. हात लावल्यावर ते सोड्याचे पाणी वाळून झालेले डाग असल्याचे मी ओळखले. डागांच्या मागे आम्ही आमच्याच शेताच्या टोकाला, पाणी उपसायच्या मोटारीच्या खोलीपर्यंत गेलो. खोलीच्या अलीकडे पाण्याचा चर आहे. आम्ही चरापाशी पोहोचताच वडिलांचा आवाज आला, “तिथंच थांबा! एक पाऊल पुढं टाकू नका!”

हवालदारसाहेबांनी कमरेच्या दांडक्याला हात लावला.

वडील खोलीच्या दारात उभे होते. अंगात ठेवणीतला पांढरा सदरा होता. समोर आमचा टब होता. मागे नवी उभी होती.

मी ओरडून विचारले, “अप्पा, इथं काय करताय तुम्ही?”

“अगं, नऊ वाजता तांबडी लाळ गाळायला लागली. म्हटलं, ही नवी सतरा दिवस चांगली आहे, पोटुशी आहे, हिला कशाला त्यात ठेवायची? तांबडीला हात न लावता आधी अंघोळ केली. कपडे सगळे गोठ्यातलेच, म्हणून हा सदरा घातला. हिला शेतातून आणली, रस्त्याला नेली नाही.”

“मग घरी का नाही आलात?”

“एकदा इकडचा झाल्यावर तिकडं कसा येऊ? एका माणसानं दोन्हीकडं जायचं नाही. तूच म्हणतेस ना?”

“निदान फोन तरी न्यायचा!”

“तो फोन रोज गोठ्यात हाताळतो मी. तू माझा फोन कधी पुसलास?”

मी फोन कधी पुसला नव्हता, हे येथे मान्य करते.

वडील पुढे म्हणाले, “आणि सांगून नाही गेलो असं म्हणू नकोस. फडकं बांधलं होतं की.”

मला पहिल्या जबाबात सांगायचे राहिले ते हेच आहे. तांबडीच्या खांबाला लाल फडके बांधलेले होते. मी ते पाहिले होते. वाऱ्याने अडकले असेल असे समजून मी पुढे गेले. वडिलांना लिहिता येत नाही. ती चिठ्ठी होती. मला ती वाचता आली नाही.

साडेतीन वाजता गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी तांबडीचे तापमान घेतले, ते एकशे एक पूर्णांक सहा, म्हणजे गायीच्या मानाने ठीकच भरले. खुरांत फोड नव्हते, जिभेवर नव्हते. त्यांनी तोंडात हात घातला व वरच्या दाढांमध्ये, टाळूला आडवा अडकलेला मक्याच्या कणसाचा तुकडा ओढून काढला. तांबडीने लगेच तोंड मिटले आणि डॉक्टरांच्या हातातला तोच तुकडा परत मागितला. डॉक्टर म्हणाले, “हा लाळ्या नाही. हा हावरटपणा आहे. त्यावर लस निघालेली नाही.” वेळ तीन वाजून पन्नास मिनिटे.

त्यानंतर मी थोडा वेळ बांधावर बसले होते. कारण लिहिण्याची गरज नाही असे हवालदारसाहेबांचे मत पडले.

चार वाजून दहा मिनिटांनी वडिलांनी पुन्हा हाक मारली. नवीला कळा सुरू झाल्या होत्या. मी पुन्हा अंघोळ केली, आईची साडी नेसले आणि चर ओलांडून गेले. वडिलांनी तशा स्थितीतही टबाकडे बोट दाखवले. मी पाय बुडवले. डॉक्टर मोठ्या गोठ्यातून आलेले असल्यामुळे वडिलांनी त्यांना चराच्या पलीकडेच थांबवले. ते हसत तिथून सूचना देत राहिले. आधी पुढचे दोन खूर दिसले, त्यावर नाक, म्हणजे वासरू सरळ होते. चार वाजून चाळीस मिनिटांनी कालवड झाली. ओल्या सदऱ्याच्या बाहीने वडिलांनी तिचे नाक पुसले. मी नाळेला लावायचे औषध आणायला वळले, तर वडिलांनी खिशातून बाटली काढली. ती त्यांनी सकाळीच बरोबर घेतली होती.

पलीकडून हवालदारसाहेब मोठ्याने म्हणाले, “चोरीच्या मालात एक नग वाढला!”

तरी माझी चोरीची तक्रार नाही. गाय, दावे व टब आमच्याच ताब्यात आहेत. सर्व गायींना काल लस टोचली आहे. नवीचे एकवीस दिवस शनिवारी पूर्ण होतात. तोपर्यंत ती व कालवड मोटारीच्या खोलीतच राहतील, आणि वडीलही तिकडचेच राहणार असे म्हणतात. आज ते अंघोळ करून ठाण्यात आले आहेत व परत गेल्यावर पुन्हा करणार आहेत.

व्यवसायाबाबत: हवालदारसाहेबांनी आज पुन्हा विचारले तेव्हा मी ‘काही नाही’ म्हणणार होते. वडील मध्येच म्हणाले, “डॉक्टर लिहा.”

मी सांगितले, “अप्पा, माझी पदविका आहे. डॉक्टर लिहिलं तर खोटा जबाब होईल.”

“मग जे करतेस ते लिहू दे. काहीच करत नाहीस तर मी दोन दिवस त्या खोलीत कुणाचं ऐकून बसलोय?”

हवालदारसाहेबांनी विचारले, “काय लिहू मग?”

वडिलांनी थोडा विचार करून सांगितले. खोटे नसल्यामुळे मी हरकत घेतली नाही. तरी पहिल्या जबाबातील मजकूर खोडून त्या जागी असे लिहावे: व्यवसाय, आजार येऊ न देणे.

वरील जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला. मी तो स्वतःही दोनदा वाचला. वडिलांच्या विनंतीवरून व्यवसायाची ओळ आणखी एकदा वाचून दाखवण्यात आली. सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे व खरे आहे. खाली माझी सही, तिच्या शेजारी साक्षीदार म्हणून वडिलांचा अंगठा. शाई लावण्यापूर्वी त्यांनी अंगठा धुऊन घेतला.