तेरची अपात्र मशीन

...अवो, चालत व्हती की मशीन! तुम्हाला सांगतो, बारा वर्सं झाली, तेरला स्टँडसमोर माझं सेवा केंद्र हाय, सातबारा म्हना, उत्पन्नाचा दाखला म्हना, सगळं ह्याच कॉम्प्युटरवर काढलं, कधी कुरकुर न्हाय, आन् एक दिवस वरच्या हापिसातनं मेसेज, जुनी सिस्टीम सोमवारपासून बंद, नवी टाकून घ्या. घेतो की. कोन न्हाय म्हनलं? टाकाय गेलो तर पडद्यावर अक्षरं... हा संगणक पात्र नाही. पात्र न्हाय? मग बारा वर्सं काय झोपा काढत व्हता त्यो?

हेल्पलाइनला फोन लावला. पोरगी लई गोड. "सर, आपण नवीन संगणक घ्यावा." म्या म्हनलं, ताई, ह्यो चालतोय. "हो सर, पण तो पात्र नाही सर." अवो पर चालतोय. "समजलं सर, आणखी काही मदत करू?" आणखी? आधीची कुठं केली?

मग मेव्हना आला, कृष्णराज, धाराशिवला कॉम्प्युटर शिकवतो. "दाजी, पात्र नसला तरी टाकता येतं. तपासणी चुकवायची, बास." रॅम वाढवली, पेनड्राइव्ह लावला, चार तास नुसतं गोल गोल फिरत व्हतं... आन् झाली की सुरू! बायकोला, सत्यभामाला, फोन करून म्हनलं, तुझा भाऊ हुशार हाय. बावीस वर्सांत पयल्यांदा म्हनलो.

दुसऱ्या दिवशी गजरामावशी आल्या. वय ऐंशीच्या वर, हयातीचा दाखला द्यायचा, न्हायतर पेन्शन बंद, आन् मुदतीचा शेवटचा आठवडा. म्या ऐटीत म्हनलं, ठिवा मावशी अंगठा. ठिवला. काय न्हाय. पुसून ठिवला. काय न्हाय. कृष्णराजला फोन. "दाजी, अंगठ्याचं यंत्र जुनं हाय, नवी सिस्टीम त्याला वळखत न्हाय." आता तुमीच सांगा, चालत व्हती का न्हाय मशीन? मावशीचं तोंड उतरलं. हळूच म्हनल्या, "रामहरी, म्हंजी मी मेले का रं?"

माझं डोस्कंच फिरलं. दुकानाला कुलूप घातलं, मावशीला यष्टीत बसवलं, धाराशिवला नेलं, दुसऱ्याच्या केंद्रात, स्वताचं केंद्र असून, दोन तास रांगेत उभा. तिथं अंगठा झिजलाय म्हनले, वाचताच येईना. शेवटी डोळ्याच्या यंत्राला डोळा दावला, तवा कुठं मावशी जित्त्या हायेत असं लिहून आलं. म्या कागद दोनदा वाचला. मावशीनं घडी घालून पिशवीत ठिवला आन् परतीच्या यष्टीत निवांत झोपल्या. माझा राग काय झोपंना.

कृष्णराजला म्हनलं, जुनी सिस्टीम परत टाक, चालत व्हती ती मशीन. "टाकतो दाजी, पर वरचं हापिस आता ती घेत न्हाय." म्हंजी चालनारी बंद, आन् चालू हाय ती बिनकामाची. करा काय करायचं ते.

आन् मावशीनं गावभर सांगितलंय, रामहरी सोता नेऊन आनतो. आज सकाळी नऊच्या यष्टीला अकरा म्हाताऱ्या उभ्या. म्या म्हनलं, चला. केंद्र चालूच हाय माझं... फकस्त यष्टीत चालतंय.